इलेक्ट्रॉन मिळाला, तरी चिन्ह उणे का? ऋण आयनाच्या गणितात वारंवार येणाऱ्या अडचणी

वही हातात आली की मी आधी खोडलेली जागा शोधते. क्लोराइड आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळून विद्युत प्रभार आलेला क्लोरीनचा अणू; त्याच्या डोक्यावर पहिल्यांदा अधिक काढलेलं असतं, मग खोडून उणे, मग शेजाऱ्याच्या वहीत डोकावून पुन्हा अधिक. कागद तिथे एवढा झिजलेला असतो की मागच्या पानावरची अक्षरं दिसतात. वरच्या सगळ्या पायऱ्या मात्र चोख. अणुअंक (म्हणजे प्रोटॉनांची संख्या) १७, इलेक्ट्रॉन संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन) २, ८, ७, बाहेरच्या कवचात एकाची उणीव, एक इलेक्ट्रॉन आला, संरूपण २, ८, ८ झालं. आणि अगदी दारात येऊन घोळ.

"असं का केलंस?" म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मॅडम, एक मिळाला ना? मग अधिक एकच होणार की!"

वर्षानुवर्षं हेच. हुशार मुलंही इथे घसरतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात तर्क आहे. म्हणून "इलेक्ट्रॉन घेऊन बनलेला तो ऋण आयन, ऋण म्हणजे उणे, पाठ करून टाक" हा उपाय मला पटत नाही. पाठ केलेलं परीक्षेपुरतं टिकतं, पुढच्या वर्षी ऊर्जेचे आकडे आले की उणे-अधिकचा तोच गोंधळ दुसऱ्या वेशात परत येतो. माझं निदान असं आहे: इथे दोन वेगळे हिशेब चालू असतात, एक प्रभाराचा आणि एक ऊर्जेचा, आणि मुलं दोन्हींच्या नोंदी एकाच वहीत करतात. खालच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात.

"मिळाला, मग अधिक का नाही?"

"मिळवला" आणि "गमावला" हे दोन्ही शब्द काही वेळ फळ्यावरून पुसून टाका. त्याजागी दोनच आकडे लिहायचे: प्रोटॉन किती आणि इलेक्ट्रॉन किती. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. जे उरेल तोच प्रभार, चिन्हासकट.

क्लोरीनचा अणू: १७ वजा १७, शून्य. अणू उदासीन. इलेक्ट्रॉन आल्यावर: १७ वजा १८, उणे एक. झालं. सल्फाइड आयन: १६ वजा १८, उणे दोन. ॲल्युमिनिअमचा आयन, म्हणजे उलट्या बाजूचा: १३ वजा १०, अधिक तीन. "घेतला की उणे, दिला की अधिक" हे वेगळं लक्षात ठेवायची गरजच उरत नाही, वजाबाकी आपोआप सांगते.

ज्यांना तरीही खटकतं त्यांना मी कर्जाचं उदाहरण देते. कर्ज मिळतं तेव्हा काहीतरी मिळालेलंच असतं, पण खात्यावरची बाकी खाली जाते. इलेक्ट्रॉन ही तशीच वस्तू आहे: आली की बाकी एकाने घटते. हे उदाहरण इथपर्यंतच ताणा. पुढे व्याज कोण भरतं असं विचारणारा एक तरी निघतोच.

मुळात इलेक्ट्रॉनला उणे म्हणायचं हे निसर्गाने ठरवलेलं नाही. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात रूढ केली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता. जे. जे. थॉमसन यांनी तो दाखवला १८९७ मध्ये, आणि जुन्या संकेताप्रमाणे त्याच्या वाट्याला उणे चिन्ह आलं. फ्रँकलिननी नावं उलटी दिली असती तर आज क्लोराइडच्या डोक्यावर अधिक असतं आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या शाबूत राहिल्या असत्या.

"२, ८, ८ म्हणजे आर्गॉन. मग क्लोरीनचा आर्गॉन झाला?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने संरूपण खरंच वाचलेलं असतं. चूक एवढीच की मूलद्रव्याची ओळख तो इलेक्ट्रॉनांवरून ठरवतोय. ओळख ठरते केंद्रकातल्या प्रोटॉनांवरून, आणि आयन बनताना केंद्रकाला कुणी हातही लावत नाही. १७ प्रोटॉन आहेत तोवर तो क्लोरीनच, सोबत १६ इलेक्ट्रॉन असोत, १७ असोत की १८.

इथे एक मालिका फळ्यावर लिहून ठेवली तर फार उपयोग होतो: सल्फाइड आयन, क्लोराइड आयन, आर्गॉन, पोटॅशिअम आयन, कॅल्शिअम आयन. पाचही जणांकडे इलेक्ट्रॉन १८. प्रोटॉन मात्र अनुक्रमे १६, १७, १८, १९ आणि २०. आता चार आयनांच्या त्रिज्या बघा: सल्फाइड सुमारे १८४ पिकोमीटर, क्लोराइड १८१, पोटॅशिअम १३८, कॅल्शिअम १००. इलेक्ट्रॉनांचं कुटुंब तेवढंच, पण आत ओढणारा धनप्रभार वाढत गेला तसं घर आक्रसत गेलं. संरूपण सारखं असूनही वस्तू वेगळ्या, हे मुलांना समजावून सांगण्यापेक्षा या आकड्यांवरून लवकर पटतं.

याच ओघात आकाराची शंका उरकून घेते. क्लोरीनच्या अणूची सहसंयुज त्रिज्या (बंधाने जोडलेल्या दोन अणूंच्या केंद्रकांमधल्या अंतराच्या निम्मी) १०० पिकोमीटरच्या आसपास आणि आयनाची १८१. या दोन त्रिज्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे फरकाचा आकडा जसाच्या तसा धरू नका, पण दिशा पक्की: ऋण आयन आपल्या अणूपेक्षा मोठा. प्रोटॉन तेवढेच आणि इलेक्ट्रॉन एक जास्त, त्यामुळे एकमेकांना ढकलणं वाढतं आणि ढग फुगतो.

"अणूला आठ हवे असतात म्हणून तो घेतो"

आठ म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन. ही तक्रार नव्हे, हे उत्तर आहे, आणि पुष्कळदा त्याला पूर्ण गुणही मिळतात. मीही सुरुवातीला हेच शिकवते. पण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे. अणूला काही हवं-नको नसतं. आलेला इलेक्ट्रॉन तिथे टिकतो की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: तो आल्यामुळे एकूण ऊर्जा खाली गेली का.

क्लोरीनकडे जरा जवळून बघू. बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्रकातले १७ प्रोटॉन ओढत असतात, पण मध्ये इलेक्ट्रॉनांचा पडदा आहे. आतल्या दोन कवचांतले १० इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्ण आड येतात. म्हणजे सतरातले दहा जवळपास निकामी. उरले सात. बाहेरच्या कवचात आधीच बसलेले ७ इलेक्ट्रॉन मात्र नवीन पाहुण्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये नीट येतच नाहीत, ते त्याच मजल्यावर आजूबाजूला आहेत. त्यांनी झाकून झाकून थोडंच झाकलं. ढोबळ हिशेबाने नव्या इलेक्ट्रॉनला पाच-सहा प्रोटॉनांची ओढ जाणवते. बाहेरून उदासीन दिसणारा अणू जवळ आलेल्या इलेक्ट्रॉनला एवढा का खेचतो, त्याचं उत्तर या अर्धवट पडद्यात आहे.

आता आर्गॉन. प्रोटॉन १८, एक जास्तच. पण तिसऱ्या कवचातल्या आठही जागा भरलेल्या, त्यामुळे पाहुण्याला चौथ्या कवचात जावं लागतं. तिथून पाहिलं तर अठराही इलेक्ट्रॉन आड येतात, ओढ जेमतेम एका प्रोटॉनाएवढी, आणि अंतरही जास्त. इलेक्ट्रॉन टिकत नाही. आर्गॉनचा ऋण आयन बनत नाही तो त्याचं पोट भरलंय म्हणून नव्हे, तर घट्ट धरून ठेवता येईल अशी जागाच शिल्लक नाही म्हणून.

आठ हा आकडा या पडद्याच्या गणिताचा परिणाम आहे. मुलं त्याला कारण समजतात, आणि तिथून वाट चुकते.

मग क्लोरीन एक घेण्याऐवजी सात देऊन का मोकळा होत नाही? पहिला इलेक्ट्रॉन काढायलाच एका मोलला (म्हणजे अणूंच्या एका ठरावीक, प्रचंड मोठ्या संख्येला) सुमारे १,२५१ किलोज्यूल मोजावे लागतात, दुसऱ्याला २,३०० च्या आसपास, आणि पुढचा प्रत्येक जण आणखी महाग. एवढं सांगितलं की वर्गात सहसा पुढचा प्रश्न येत नाही.

"एका पुस्तकात ३४९, दुसऱ्यात उणे ३४९. खरं कोणतं?"

दोन्ही. उणे-अधिकचा गोंधळ वेष बदलून परत येतो म्हटलं होतं, तो हा.

क्लोरीनच्या एक मोल मोकळ्या अणूंना एकेक इलेक्ट्रॉन मिळाला तर सुमारे ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. "बाहेर किती पडली" असं विचारलं तर उत्तर ३४९. याला इलेक्ट्रॉन अफिनिटी म्हणण्याची जुनी रीत आहे आणि तीत बाहेर पडलेली ऊर्जा अधिक धरतात. "अणूकडच्या ऊर्जेत बदल किती झाला" असं विचारलं तर उत्तर उणे ३४९, कारण ऊर्जा घटली. इलेक्ट्रॉन ग्रहणाची एन्थाल्पी म्हणून जो तक्ता असतो तो या रीतीचा. आकडा वाचण्याआधी तक्त्याचं शीर्षक वाचा. तेही संदिग्ध असेल तर क्लोरीनची ओळ शोधा: तिथे अधिक असेल तर तक्ता "बाहेर किती" सांगतोय, उणे असेल तर "बदल किती". क्लोरीन ऊर्जा सोडतो हे पक्कं ठाऊक असल्यामुळे पूर्ण तक्त्याची चाल एका ओळीवरून कळते.

आणि या उणे ३४९ मधल्या उणेचा क्लोराइडच्या डोक्यावरच्या उणेशी काडीचाही संबंध नाही. "प्रभार उणे, म्हणून ऊर्जाही उणे" असं मी स्वतःच्या डोळ्यांनी उत्तरपत्रिकेत वाचलं आहे. प्रभाराची वही बंद करा, मग ऊर्जेची उघडा.

"फ्लोरीन सगळ्यात आक्रमक, मग त्याचा आकडा क्लोरीनपेक्षा कमी कसा?"

आकडे असे: फ्लोरीन ३२८, क्लोरीन ३४९, ब्रोमीन ३२५, आयोडीन २९५, सगळे किलोज्यूल प्रति मोल, बाहेर पडणारे. आवर्तसारणीतल्या या गटात खाली जाताना आकडा उतरत जायला हवा, आणि पहिल्याच पायरीला तो चढतो. छापण्यात चूक नाही. फ्लोरीनचं बाहेरचं कवच फारच छोटं, त्यात आधीच सात जण दाटीवाटीने बसलेले. आठवा आला की केंद्रकाची ओढ भरपूर मिळते, पण शेजाऱ्यांचे धक्केही तेवढेच खावे लागतात. क्लोरीनचं घर मोठं, धक्के कमी.

तरीही फ्लोरीनच जास्त क्रियाशील, कारण प्रत्यक्ष अभिक्रियेत इलेक्ट्रॉन घेणं ही अनेक पायऱ्यांपैकी एक. फ्लोरीनच्या रेणूतला बंध सहज तुटतो आणि छोटा फ्लोराइड आयन शेजारच्या धन आयनांशी फार घट्ट बांधला जातो.

"ऑक्सिजन दोन घेतो, म्हणजे दुप्पट ऊर्जा सुटत असेल"

इथे "हवे असतात" ही गोष्ट पार कोलमडते. ऑक्सिजनच्या अणूला पहिला इलेक्ट्रॉन मिळतो तेव्हा एका मोलमागे सुमारे १४१ किलोज्यूल सुटतात. दुसरा मात्र आपण होऊन येत नाही. आता समोर उदासीन अणू नसतो, उणे प्रभाराचा आयन असतो, आणि तो येणाऱ्या इलेक्ट्रॉनला दूर ढकलतो. त्याला आत कोंबायला सातशेहून जास्त किलोज्यूल खर्च होतात. दोन्ही पायऱ्या धरल्या तर व्यवहार सरळसरळ तोट्याचा. एकटा, मोकळा, दोन उणे प्रभारांचा ऑक्साइड आयन निर्वात जागेत टिकतच नाही, जास्तीचा इलेक्ट्रॉन सुटून जातो.

मग मॅग्नेशिअम ऑक्साइड बनतं कसं? तोटा भरून काढतो तो स्फटिक. दोन अधिक आणि दोन उणे प्रभारांचे आयन एकमेकांना खेटून रचले जातात तेव्हा मोलमागे सुमारे ३,८०० किलोज्यूल सुटतात, आणि त्यापुढे वरचा खर्च किरकोळ ठरतो.

नायट्रोजनची गत आणखी वाईट. त्याला पहिला इलेक्ट्रॉनसुद्धा टिकाऊपणे धरता येत नाही. बाहेरच्या तीन कक्षकांत, म्हणजे कवचातल्या खोल्यांत, एकेक इलेक्ट्रॉन सुटसुटीत बसलेला असतो, चौथ्याला कुणाच्या तरी खोलीत जोडीने राहावं लागतं. पण मॅग्नेशिअम नायट्राइडमध्ये तीन उणे प्रभारांचा आयन दाखवतात, आणि तिथेही तोट्याचा भार स्फटिकच उचलतो.

"इलेक्ट्रॉन येतो कुठून?"

फार कमी जण विचारतात, आणि विचारायलाच हवा असा प्रश्न हाच. आकृतीत बाण असतो, बाणाच्या शेपटीला काहीच नसतं. जणू इलेक्ट्रॉन हवेतून टपकला. प्रत्येक ऋण आयनामागे इलेक्ट्रॉन गमावलेला कुणीतरी असतो. मिठाच्या बाबतीत तो सोडियम. आणि सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात, क्लोरीनला तो दिला की मिळतात ३४९. म्हणजे नुसती देवाणघेवाण १४७ ने तोट्यात! "सोडियमला द्यायचा असतो, क्लोरीनला घ्यायचा असतो, दोघंही खूश" हे वाक्य या एका वजाबाकीपुढे टिकत नाही.

पूर्ण खातं एकदा मांडून बघा, मुलांकडूनच मांडून घ्या. एक मोल मीठ, सगळं किलोज्यूलमध्ये. घन सोडियमचे मोकळे अणू करायला १०७. त्यांचे इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरीनचे रेणू फोडून एक मोल अणू मिळवायला १२१. खर्चाची बेरीज ७२४. जमेला क्लोरीनचे ३४९ आणि आयन स्फटिकात रचले जाताना सुटणारे ७८७, एकूण ११३६. शिल्लक ४१२. प्रयोगाने मोजलेली मिठाची निर्मिती ऊर्जा ४११ आहे. एका किलोज्यूलच्या फरकाने ताळा जुळला की वर्गात क्षणभर शांतता पसरते. माझ्या दृष्टीने हा या धड्यातला सगळ्यात सुंदर क्षण.

मिठात "क्लोरीन" असूनही ते विषारी का नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं. क्लोरीन वायू समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून तो डोळे आणि फुप्फुसं जाळतो. क्लोराइडचा तो व्यवहार आधीच आटोपलेला असतो.

नावांचा घोळ असेल तर एवढंच: एकट्या अणूच्या आयनाला "आइड" लागतं. सल्फाइडमध्ये फक्त सल्फर, सल्फाइट आणि सल्फेटमध्ये सोबत ऑक्सिजन. एका अक्षराची चूक आणि उत्तर दुसऱ्याच पदार्थाचं.

"धातू कधीच ऋण आयन बनवत नाहीत ना?"

शालेय उत्तर "नाही", आणि परीक्षेत तेच लिहा. पण हा निसर्गाचा नियम म्हणून डोक्यात बसवून घेऊ नका. सोन्याच्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला तर २२३ किलोज्यूल सुटतात, ऑक्सिजनच्या पहिल्या इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त. सीझिअमसोबत सोनं ऋण आयन होऊन संयुग बनवतं, आणि त्या संयुगाला धातूची चमक नसते. सोडियमच्या मोकळ्या अणूलाही इलेक्ट्रॉन मिळाला की ५३ किलोज्यूल सुटतात, थोडे पण सुटतात. १९७४ मध्ये जेम्स डाय यांच्या गटाने सोडियमचा ऋण आयन असलेला स्फटिक तयार करून दाखवला. त्यातला धन आयनही सोडियमचाच, फक्त एका मोठ्या सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात ठेवलेला, म्हणजे तो इलेक्ट्रॉन परत हिसकावून घेऊ शकत नाही.

"आठ हवे असतात" म्हणणाऱ्याला या आयनाचं संरूपण लिहायला सांगा. २, ८, २ येतं, आणि तो गोंधळून तुमच्याकडे बघतो. मग प्रभार विचारा. प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १२.